शिखरावरची एक आणि चावडीवरच्या अनेक

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: एखादी स्त्री पंतप्रधान, राष्ट्रपती किंवा मुख्यमंत्री झाली, तर त्यामुळे देशातील इतर स्त्रियांची समता खरोखर पुढे जाते का, की तो त्या एकीचाच सन्मान ठरतो आणि बाकीच्या जिथल्या तिथे राहतात? मराठवाडा आणि विदर्भात ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषदेवर निवडून आलेल्या स्त्रियांच्या प्रशिक्षणाचे काम मी पंचवीसहून अधिक वर्षे करीत आहे, आणि जवळजवळ प्रत्येक शिबिरात हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात निघतोच. म्हणून उत्तर आधी सांगते आणि मग कारणे मांडते. शिखरावर एकटीच असलेली स्त्री, तिची इच्छा असली तरीही, इतर स्त्रियांसाठी फार थोडे करू शकते. खालच्या पायऱ्यांवर स्त्रिया संख्येने असतील आणि सभागृहाबाहेर स्त्रियांची संघटित चळवळ जागी असेल, तर मात्र सत्तेतील स्त्रिया मोजून दाखवता येईल इतका फरक घडवतात. पद किती उंच आहे यापेक्षा त्या पदाखाली कोण उभे आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटत आले आहे.

एका शिबिरात सभागृहाच्या भिंतीवर इंदिरा गांधींचे छायाचित्र होते. गोदाकाठच्या एका गावच्या, साठीला आलेल्या सदस्य बाई त्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, ही बाई राज्य करत होती तेव्हा माझं लगीन झालं. सासू दर खेपेला तिच्या गायवासरावर शिक्का मारायची. पण चावडीपुढून जायचं झालं, तर तिला पायातली चप्पल काढून हातात घ्यावी लागायची.” गाय-वासरू हे त्या काळी इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे निवडणूक चिन्ह होते. दिल्लीत एक स्त्री सर्व देशाचे निर्णय घेत होती आणि त्याच वेळी तिला मत देणारी स्त्री आपल्याच गावच्या चावडीपुढून चप्पल घालून जाऊ शकत नव्हती. या दोन गोष्टी इतकी वर्षे एकमेकींना धक्का न लावता कशा नांदू शकल्या, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

इंदिरा गांधी १९६६ ते १९७७ आणि पुन्हा १९८० ते १९८४ अशी जवळजवळ सोळा वर्षे पंतप्रधान होत्या. स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेणे त्यांनी नाकारले होते आणि आपण पंतप्रधान आहोत, स्त्री-पंतप्रधान नव्हे, अशीच त्यांची भूमिका राहिली. तरीही त्यांच्या कारकिर्दीत स्त्रियांच्या दृष्टीने महत्त्वाची कामे झाली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९७१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली, तिच्या अध्यक्ष फुलरेणू गुहा होत्या आणि सदस्य-सचिव म्हणून वीणा मजुमदार यांनी काम पाहिले. डिसेंबर १९७४ मध्ये या समितीने दिलेल्या अहवालाने सुशिक्षित वर्गाला हादरा दिला. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची आपोआप प्रगती होत आहे हा समज त्याने खोटा ठरवला आणि १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ असलेली स्त्रियांची संख्या १९७१ मध्ये ९३० पर्यंत घसरली आहे, हे देशापुढे ठेवले. देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदावर स्त्री बसलेली असतानाच हे वास्तव उघड झाले, ही बाब माझ्या मते या संपूर्ण चर्चेतील सर्वांत बोलकी आहे.

समान वेतनाचा अध्यादेश १९७५ मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. १९८० मध्ये सुरू झालेल्या सहाव्या पंचवार्षिक योजनेत स्त्रिया आणि विकास या विषयाला प्रथमच स्वतंत्र प्रकरण मिळाले. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला आणि त्याच वर्षी विवाहितेच्या छळाला गुन्हा ठरवणारे ४९८-अ हे कलम भारतीय दंड संहितेत आले. यादी लहान नाही. परंतु यांपैकी प्रत्येक गोष्ट कुठून सुरू झाली, हे मागे जाऊन पाहिले की चित्र बदलते.

बलात्काराच्या कायद्याचेच पाहू. १९७२ मध्ये आपल्या विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले, पण सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत अशा स्वरूपाची कारणे देत, त्यांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि ८ मार्च १९८० रोजी मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर गुन्हा ठरवणारी दुरुस्ती त्यानंतर तीन वर्षांनी झाली. पंतप्रधान स्त्री होत्या म्हणून ही दुरुस्ती झाली, असे म्हणणे त्या अध्यापकांवर आणि त्या मोर्चांवर अन्याय करणारे आहे. सरकारने ती अडवली नाही, एवढे श्रेय मात्र द्यावे लागेल, आणि ते द्यायला माझी हरकत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणजे अंगणवाडी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि आज देशातील लाखो स्त्रिया तिच्या आधारावर काम करतात. तरीही त्यांना कर्मचारी न मानता मानसेवी ठरवले गेले, वेतनाऐवजी मानधन देण्यात आले, कारण लहान मुलांना सांभाळणे हे बाईचे स्वाभाविक काम आहे, नोकरी नव्हे, असे गृहीत धरले गेले. पंतप्रधानपदी स्त्री असूनही या गृहीतकाला कुणी हरकत घेतल्याचे दिसत नाही. सेविकांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला २०२२ साल उजाडले, आणि महाराष्ट्रातील सेविकांना डिसेंबर २०२३ मध्ये मानधनवाढीसाठी पुन्हा दीर्घ संपावर जावे लागले. मी ज्या गावांत जाते तिथे सर्वाधिक काम करणारी आणि सर्वांत कमी मोबदला मिळवणारी शासनाची माणसे म्हणजे या सेविका आणि मदतनीस. घरातील श्रमविभागणीच सरकारी कागदावर उतरली, आणि शिखरावरच्या स्त्रीचे तिकडे लक्ष गेले नाही, किंवा गेले तरी तिला त्यासाठी कुणी अडवून धरले नाही.

आता महाराष्ट्राकडे येते, कारण या प्रश्नाची उलट बाजूने परीक्षा आपल्याच राज्यात झाली आहे. १९६० पासून महाराष्ट्राला एकही स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही. तरीही गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, आणि केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. १९९४ मध्ये राज्याने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती लागू केली, जी देशभर लागू व्हायला २००५ पर्यंत थांबावे लागले. पंचायतींत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राज्याने १९९० मध्येच, म्हणजे देशभरच्या पंचायतींत स्त्रियांना आरक्षण देणारी ७३ वी घटनादुरुस्ती होण्याआधी, राखून ठेवल्या होत्या. हे सर्व निर्णय पुरुष मुख्यमंत्र्यांच्या काळात झाले.

मग ते झाले कसे? १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यावर लाटणी घेऊन उतरलेल्या हजारो स्त्रिया, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते यांच्यासारख्या रस्त्यावरून सभागृहात आणि सभागृहातून पुन्हा रस्त्यावर जाणाऱ्या नेत्या, ऑक्टोबर १९७५ मध्ये पुण्यात भरलेली स्त्री-मुक्ती संघर्ष परिषद, १९८५ च्या सुमारास गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईत उभा राहिलेला मंच, आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या अधिवेशनाला जमलेल्या असंख्य शेतकरी स्त्रिया, या सगळ्यांनी मिळून कोणत्याही मुख्यमंत्र्याला टाळता येणार नाही असा दबाव निर्माण केला होता. चांदवडनंतर ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत अनेक गावांतील शेतकऱ्यांनी जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला, आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा अशा गावांत आरक्षणाची सक्ती नसताना संपूर्ण स्त्रियांची पॅनेल निवडून आली. मृणालताईंकडे मुख्यमंत्रिपद कधीच नव्हते. पण गोरेगावच्या ज्या वस्त्यांना पाणी मिळाले, त्या वस्त्यांतील बायकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले, आणि माझ्या अनुभवात ते नाव आजही कोणत्याही पदापेक्षा अधिक आदराने घेतले जाते. या मृणालताईंना आणीबाणीत तुरुंगात जावे लागले, तेव्हा देशाच्या पंतप्रधान स्त्रीच होत्या, हेही विसरता येत नाही.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण याला पूरक आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर १९७३ मध्ये गोवा, दमण व दीवच्या मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत त्या पदावर होत्या. त्यांची प्रशासनावरील पकड आणि मराठी शाळांविषयीची आस्था आजही तिथले जुने लोक सांगतात. परंतु त्यांच्यानंतर गोव्याला दुसरी स्त्री मुख्यमंत्री मिळाली नाही, आणि २०२२ च्या निवडणुकीत ४० सदस्यांच्या विधानसभेत फक्त तीन स्त्रिया निवडून आल्या. त्या तिघींचे पतीही त्याच वेळी आमदार म्हणून निवडून आलेले होते. गोव्यातील स्त्रियांना मालमत्तेत जे हक्क आहेत, ते पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यातून आलेले आहेत. एका स्त्रीने दार उघडले म्हणजे ते पुढच्यांसाठी उघडेच राहते, असे गृहीत धरू नये. घराण्यातून आलेली सत्ता पुष्कळदा त्या घराण्यापुरतीच दार उघडते.

श्रीलंकेत तर हे अधिक ठळकपणे दिसते. सिरिमाओ बंदरनायके १९६० मध्ये जगातील पहिल्या निवडून आलेल्या स्त्री पंतप्रधान झाल्या, त्या पदावर पुन्हा पुन्हा आल्या, आणि पुढे त्यांच्या कन्या चंद्रिका कुमारतुंगा राष्ट्राध्यक्ष झाल्या. इतके होऊनही २०२० मध्ये तिथल्या २२५ सदस्यांच्या संसदेत स्त्रिया केवळ १२ होत्या. २०२४ मध्ये तो आकडा २१ वर गेला, पण त्याआधी २०१८ च्या स्थानिक निवडणुकांत प्रथमच स्त्रियांसाठी २५ टक्के वाटा लागू झाला होता, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

याच्या अगदी उलट क्रम नॉर्वेत घडला. तिथल्या स्त्रियांनी १९७१ च्या नगरपालिका निवडणुकीत पद्धतशीर मोहीम काढून ओस्लो, ट्रॉन्डहाइम आणि आस्कर येथील परिषदांमध्ये बहुमत मिळवले. १९७८ मध्ये समानतेचा कायदा झाला, १९८३ मध्ये मजूर पक्षाने उमेदवारीत किमान ४० टक्के वाट्याचा नियम स्वीकारला, आणि त्यानंतर १९८६ मध्ये पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या १८ जणांच्या मंत्रिमंडळात आठ स्त्रिया आल्या. १९९३ मध्ये त्यांच्याच सरकारच्या काळात बाळाच्या वडिलांसाठी चार आठवड्यांची स्वतंत्र रजा राखून ठेवण्यात आली, म्हणजे घरातील कामाच्या वाटणीला कायद्याने हात घातला गेला. ब्रुंटलांड अधिक सद्भावी होत्या आणि बंदरनायके नव्हत्या, असा याचा अर्थ मी काढत नाही. एकीच्या खाली नगरपालिकेपासून मंत्रिमंडळापर्यंत स्त्रियांची भरभक्कम साखळी होती, आणि दुसरीच्या खाली पतीच्या पक्षातील पुरुषांची होती, हा खरा फरक आहे.

पाकिस्तानातील बेनझीर भुट्टो यांचे उदाहरण मी शिबिरांत मुद्दाम सांगते, कारण त्यात स्त्री-नेत्याची कोंडी स्पष्ट दिसते. १९८८ मध्ये त्या सत्तेवर आल्या तेव्हा जनरल झिया यांच्या राजवटीतील, बलात्कारित स्त्रीलाच व्यभिचाराच्या आरोपात अडकवू शकणारे हुदूद कायदे अस्तित्वात होते. ते रद्द करण्याइतके बळ त्यांच्याकडे संसदेत नव्हते, लष्कराचा आणि धर्मगुरूंचा विरोध होता, आणि दोन वेळा पंतप्रधान होऊनही त्यांना ते कायदे हलवता आले नाहीत. स्त्रियांसाठी बँक, स्त्रियांची पोलीस ठाणी अशी कामे त्यांनी केली, जी करायला कुणाची नाराजी पत्करावी लागत नव्हती. आधीच संशयाने पाहिली जाणारी स्त्री-नेता स्त्रियांचा प्रश्न हाती घ्यायला पुरुषापेक्षा अधिक कचरते, कारण तिच्यावर पक्षपाताचा शिक्का लगेच बसतो. म्हणून कोणत्याही स्त्री-नेत्याबद्दल मी पहिला प्रश्न विचारते तो असा: ती कुणाला नाराज करू शकते? ज्यांच्या बळावर ती उभी आहे, त्यांना नाराज करणे तिला परवडत नसेल, तर तिच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवणे तिच्यावरही अन्यायाचे आहे.

आता खालच्या पायऱ्यांकडे वळते, कारण आशेला जागा आहे ती तिथेच आहे, आणि हे मी केवळ भावनेने म्हणत नाही. पंचायतींतील आरक्षण फिरते असल्यामुळे कोणत्या गावात स्त्री प्रमुख होईल हे काही राज्यांत जवळजवळ सोडतीने ठरते, त्यामुळे राखीव आणि अराखीव गावांची रास्त तुलना करता येते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अभ्यासकांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यांतील २६५ पंचायतींचा असा अभ्यास केला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी, गावातील स्त्रिया ज्या कामांच्या तक्रारी करीत होत्या त्यांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, अधिक खर्च केला. याच बीरभूममध्ये पुढे झालेल्या अभ्यासांत दोन गोष्टी आढळल्या. एकच भाषण पुरुषाच्या आवाजात आणि स्त्रीच्या आवाजात ऐकवले असता, ज्या गावांनी कधी स्त्री प्रमुख पाहिली नव्हती तिथले पुरुष स्त्रीच्या आवाजातील भाषणाला कमी गुण देत, पण जिथे स्त्री प्रमुख होऊन गेली होती तिथे हा फरक उरत नसे. आणि जिथे लागोपाठ दोन वेळा स्त्री प्रमुख झाली, तिथल्या मुलींच्या शिक्षणाबाबत आईवडिलांच्या आणि खुद्द मुलींच्या अपेक्षा वाढल्या, शिक्षणातील मुलामुलींची दरी भरून निघाली, इतकेच नव्हे तर मुलींचा घरकामात जाणारा वेळही कमी झाला.

आणखी एक अभ्यास आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. लक्ष्मी अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की पंचायत राजमध्ये स्त्रियांना आरक्षण मिळाल्यानंतर स्त्रियांविरुद्धच्या नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांत मोठी वाढ झाली, आणि ती वाढ प्रामुख्याने अत्याचार वाढल्यामुळे नसून स्त्रिया तक्रार द्यायला पुढे आल्यामुळे झाली. त्याच अभ्यासात असेही आढळले की वरच्या पातळीवरील एखाद्या पदावर स्त्री असण्यापेक्षा गावपातळीवर स्त्री-सदस्य मोठ्या संख्येने असण्याचा परिणाम अधिक होतो. हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. मार खाल्लेली बाई मुख्यमंत्र्यांकडे जात नाही, तालुक्याच्या ठाण्यातही एकटी जात नाही. ती आपल्या आळीतल्या सदस्य बाईच्या दारात रात्री येऊन उभी राहते. अशा कितीतरी रात्री सदस्य स्त्रियांनी मला सांगितल्या आहेत.

गावपातळीवर सारे काही ठीक चालले आहे असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचे आरक्षण ५० टक्के केले, पण ‘सरपंचपती’ हा शब्दही आपल्याच भाषेत रुळला आहे. पूर्वी सह्याजीराव म्हणून बाईला बसवत, आता सहीदेखील तिच्या हातात राहिलेली नाही. निधी काढण्यासाठी लागणारी सरपंचाची डिजिटल सही संगणकाला जोडायच्या एका लहानशा डोंगलमध्ये असते, आणि तो डोंगल कुठे आहे असे मी शिबिरात विचारते तेव्हा निम्म्या जणी खाली पाहतात. तो नवऱ्याच्या खिशात, पॅनेलप्रमुखाच्या कपाटात किंवा संगणक चालकाच्या टेबलावर असतो. म्हणून गेली काही वर्षे मी प्रशिक्षणाचा पहिला तास भाषणाने सुरू करीत नाही. डोंगल स्वतःजवळ ठेवणे, पासवर्ड बदलणे, आणि इतिवृत्त वाचून झाल्याशिवाय खाली सही न करणे, या तीन गोष्टी प्रत्यक्ष करून घेते. कायद्यानुसार ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, ती कागदावर न घेता खरोखर भरवली की पाणी, रस्त्यावरचे दिवे आणि दारू हे विषय आपोआप वर येतात. गावच्या मतदानात ‘आडवी बाटली’ हे चिन्ह निवडून दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद अनेक गावांत स्त्रियांनीच वापरली, आणि त्यामागे बहुधा एक खंबीर सदस्य आणि चार बचतगट असतात.

त्यांच्यापुढील अडथळेही वरच्या पदांवरील स्त्रियांना न दिसणारे आहेत. तिसरे अपत्य झाले की सदस्यत्व जाते, पण मुले किती व्हावीत हे ठरवण्याचा अधिकार ज्या बाईला घरात नाही, तिलाच त्याची शिक्षा भोगावी लागते. अविश्वास ठराव, जातपडताळणी, अतिक्रमणाची तक्रार ही हत्यारे स्त्री सरपंचाविरुद्ध फार लवकर बाहेर निघतात. कायद्याने स्त्री सरपंचाविरुद्धच्या अविश्वास ठरावाला तीन चतुर्थांश बहुमताची अट घातली आहे, ती उगाच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील एका स्त्री सरपंचाची अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा न्यायालयानेही हेच नोंदवले की स्त्री सरपंच झाली आणि तिच्या निर्णयांनुसार आपल्याला चालावे लागेल, हे त्या गावातील लोकांना पचले नव्हते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच उपयोग होईल. उच्चपदस्थ स्त्रिया समता आणतात की नाही, यावर त्यांना ते पद मिळावे की नाही हे अवलंबून नाही. पुरुष मुख्यमंत्र्यांमुळे पुरुषांचे कितपत भले झाले, असे कुणी विचारत नाही. लोकसंख्येच्या निम्म्या भागाला राज्य करण्याचा हक्क असतो, त्यासाठी कार्यक्षमतेचा किंवा उपकाराचा दाखला मागणे चुकीचे आहे, आणि स्त्री-नेता चुकू शकते, भ्रष्ट होऊ शकते, आपल्याच जातीपुरते पाहू शकते, हे मान्य करणे हाही समतेचाच भाग आहे. जातीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. राखीव जागेवरून निवडून आलेल्या दलित स्त्री सरपंचाला ध्वजारोहणाच्या दिवशी बाजूला ठेवण्यात सवर्ण स्त्रिया सामील झालेल्या मी पाहिल्या आहेत. स्त्री म्हणून असलेले नाते आपोआप उपजत नाही, ते संघटनेतून घडवावे लागते.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याचे ठरवले. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी ती संमत झाली, परंतु तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी जोडण्यात आली. आजचे चित्र असे आहे की २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या, आणि महाराष्ट्राच्या २८८ जागांच्या विधानसभेत २१, म्हणजे शंभरात सातच्या आसपास. गावांत निम्म्या जागा भरणाऱ्या हजारो अनुभवी स्त्रिया आणि विधानसभेतील या २१, यांच्यामधली शिडी राजकीय पक्षांनी उभारलेली नाही. एक तृतीयांश जागा आल्या तरी त्या आमदारांच्या लेकी-सुनांनी भरल्या गेल्या, तर गोव्यात जे दिसते तेच मोठ्या प्रमाणावर दिसेल.

म्हणून मला विचाराल तर मागणी वरून नको, खालून सुरू व्हायला हवी. सरपंचपदाचे स्त्री-आरक्षण दर पाच वर्षांनी न फिरवता एका गावात सलग दोन मुदती ठेवावे, कारण पहिली दोन वर्षे कामकाज शिकण्यात जातात, आणि ज्या बाईला ते जमू लागते तिची जागा पुढच्या सोडतीत निघून जाते. बीरभूममधील मुलींच्या अपेक्षा बदलल्या त्याही दुसऱ्या मुदतीनंतरच. पक्षांनी जिल्हा परिषदेच्या अराखीव जागांवर माजी स्त्री सरपंचांना उमेदवारी द्यावी, आणि विधानसभेसाठी नावे मागवताना किमान एक पूर्ण मुदत स्वतः कारभार केलेल्या स्त्रियांची यादी जिल्ह्याने आधी पाठवावी. अशी यादी माझ्याकडे आहे. आठ जिल्ह्यांतल्या, स्वतःचा डोंगल स्वतःजवळ ठेवणाऱ्या १४० जणींची.